न उसवणारी शिवण

मास्तर गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवत. खरं तर ‘शिवतात’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. शिवतो कुणीही, मी बांधतो, असं ते म्हणायचे. तिपेडी नायलॉनचा दोरा, त्यावर दुहेरी शिवण, आणि शेवटाला टाका मागेपुढे नेऊन असा पक्का करायचा की तो सोडवताना खुद्द मास्तरांनाही घाम फुटावा. दुकानावर पाटी होती: ‘शिवण उसवली तर कव्हर नवं.’ ती लावून एकवीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात एकच गिऱ्हाईक फाटकं कव्हर घेऊन आलं होतं. ते कुत्र्यानं फाडलं होतं. मास्तरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवण शाबूत आहे, फाटलंय ते कापड, हे कुत्र्याच्या मालकाकडून तीनदा वदवून घेतलं आणि मगच नवं शिवून दिलं. गुन्हा कापडाच्या नावावर टाकला, शिवणीचं पान कोरं राखलं.

माणसांचेही त्यांनी मनातल्या मनात दोन भाग पाडले होते. गाडीचं दार उघडल्यावर आधी रंग बघणारे आणि आधी शिवण बघणारे. पहिल्या भागात जवळजवळ सगळं जग होतं. त्यांची बायकोही त्यातच. दुसऱ्या भागात मोजून तीन माणसं: एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दातांचा डॉक्टर आणि मास्तरांची एकुलती एक लेक.

लेक एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम बघायची. तीन महिन्यांपूर्वी तिनं जुनी पण टुकटुकीत गाडी घेतली, तेव्हा मास्तरांनी चार दिवस बाकीची कामं बाजूला सारून तिच्यासाठी कव्हरं शिवली. राखाडी कापड, कडेला निळा गोट. तेव्हापासून दर रविवारी ती जेवायला आली की मास्तर काहीतरी निमित्त काढून जिना उतरायचे, गाडीच्या काचेला नाक लावून स्वतःचं काम डोळे भरून बघायचे आणि वर येऊन काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं हात धुवायचे. निमित्तं बायकोला पाठ झाली होती. एका रविवारी मास्तरांना निमित्त सुचेना, तर तिनंच ‘टायरमध्ये हवा आहे का बघून या’ म्हणून पुरवलं होतं.

या रविवारी ते ‘गाडी सावलीत लावलीय का बघतो’ म्हणून उतरले. गाडी सावलीत होती. सीटा मात्र उघड्या होत्या. कारखान्यातून आल्या तशा, काळ्या आणि बोडक्या. आणि मागच्या सीटवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, राखाडी कव्हरं नीट घडी करून ठेवलेली.

कोंबून ठेवली असती तर मास्तरांनी समजून घेतलं असतं. माणूस घाईत असतो. पण घडी! घडी घातली म्हणजे विचार करून काढलं. दोन जिने चढेपर्यंत त्यांनी लेकीच्या लहानपणापासूनचे सगळे अपराध एकदा मोजून पाहिले. फारसे निघाले नाहीत, त्यामुळे राग आणखी वाढला.

“कव्हरं का काढलीस?” त्यांनी दारातूनच विचारलं.

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं ताटांकडे पाहिलं. म्हणजे आईला ठाऊक होतं. कटात दोघी, अशी मास्तरांनी तिथल्या तिथे नोंद केली.

“बाबा, आधी जेवून घ्या.”

“रंग आवडला नाही?”

“रंगाचं काही नाही हो.”

“टोचतं कुठे?”

“नाही.”

“मग...” मास्तरांचा आवाज इतका खाली गेला की बायकोनं हातातला डाव ठेवून कान दिला. “उसवलं?”

“उसवत नाही, बाबा. तीच तर भानगड आहे.”

मास्तर खुर्चीवर बसले. लेकही समोर बसली. वायरिंगमधला दोष गिऱ्हाइकाला समजावून सांगताना ती जशी बोटांनी टेबलावर रेषा काढायची तशी काढू लागली.

“मला वर्कशॉपनं पंधरा दिवस शिकायला पाठवलं होतं ना, ते एअरबॅगचं होतं.”

“हां, स्टिअरिंगमधून फुगा येतो तो. माहितीय मला.”

“एक स्टिअरिंगमध्ये. एक शेजारी बसतो त्याच्यासमोर. आणि एक सीटच्या कुशीत, दाराच्या बाजूला.”

“कुठल्या सीटच्या?”

“माझ्या. तुम्ही कव्हर घातलंत त्या.”

मास्तर हसले. एकवीस वर्षं ते सीटांच्या अंगावरून हात फिरवत होते. कुठल्या सीटला कुठे खांदा आहे आणि कुठे पोट सुटलंय, हे ते अंधारात सांगू शकले असते.

“तिथे शिवणीतून एक पट्टी बाहेर आलेली होती,” लेक म्हणाली. “नखाएवढी. आठवतेय?”

“न आठवायला काय झालं? कंपनीची पट्टी ती. हलक्या हातानं उसवली आणि कव्हरवर बाहेरून लावून दिली. गाडी चांगल्या कंपनीची आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. मी सगळ्यांनाच लावून देतो. वेगळं काही सांगावं लागत नाही त्यांना.”

लेकीनं कपाळावर हात मारला. “त्या पट्टीवर लिहिलंय काय, ते वाचलंत का कधी?”

मास्तर चष्मा लावत तो सुईसाठी. अक्षरांसाठी त्यांनी तो कधी खर्चच केला नव्हता.

“‘एअरबॅग’ लिहिलंय, बाबा. म्हणजे इथे पिशवी आहे, इथून ती बाहेर येणार, या जागेवर काही चढवू नका. आणि तुम्ही नेमकी तिथेच दुहेरी शिवण घातलीत.”

“म्हणजे,” आई ताटात वाढता वाढता म्हणाली, “बाहेर जायच्या दारासमोर भिंत बांधली आणि ‘बाहेर’ ही पाटी त्या भिंतीवर लावली.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“नाही बोलत. मी आपली रंग बघणारी बाई.”

म्हणजे तेही तिला ठाऊक होतं. मास्तरांनी विषय बदलला. “आणि पिशवी बाजूला कशाला हवी? धडक समोरून बसते.”

“समोरून बसली तर मध्ये बॉनेट आहे, इंजिन आहे. ते चेपतं, तेवढी सवड मिळते. बाजूनं कुणी येऊन आदळलं तर मध्ये फक्त दार. आणि दार नि आपला खांदा यांच्यामध्ये वीतभर जागा.” तिनं ताट आणि टेबलाची कड यांच्यामध्ये वीत घालून दाखवली. “धडक बसली हे दारातल्या सेन्सरला कळतं. तो सीटमधल्या छोट्या नळकांडीला ठिणगी पाठवतो. नळकांडीतून गॅस सुटतो, आणि पिशवी सीटची शिवण फोडून या वीतभर जागेत येऊन उभी राहते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो ना, त्याच्या दहाव्या हिश्श्यात. एवढ्यात आली तर आली. नंतर येऊन उपयोग नाही.”

“मग येऊ दे की बाहेर. मी कुठे अडवतोय तिला?”

“तुमची शिवण तिला येऊ देईल?”

मास्तरांनी क्षणभर खरोखर विचार केला.

“नाही,” ते म्हणाले, आणि इतक्या अभिमानानं म्हणाले की स्वतःच दचकले.

लेकीनं नुसती ती वीत पुन्हा ताटाशेजारी टेकवली. बोलली असती तर बरं झालं असतं. मास्तरांना भांडता तरी आलं असतं.

“कंपनीवाले तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “तपासून, मोजून कच्ची.”

मुद्दाम कच्ची! मास्तरांना जेवण गेलं नाही. पण हार मानणं त्यांच्या मापात बसत नव्हतं. “गॅसची पिशवी ती. तिच्यात दम असून असून किती असणार? कदाचित माझ्या शिवणीलाही फोडेल. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही.”

“दाखवते,” लेक म्हणाली. “बुधवारी सुट्टी घ्या.”

आता हे लक्षात घ्या, की मास्तरांची पंचाईत मोठी अवघड होती. पिशवीनं शिवण फोडली, तर एकवीस वर्षांची पाटी खोटी. शिवणीनं पिशवी अडवली, तर पाटी खरी, पण आजवर ज्यांच्या गाडीला ती शिवण घातली ते सगळे लोक धोक्यात. आणि त्यांतली एक पोटची पोर. दोन दिवस मास्तर मशीनवर बसून एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं प्रार्थना करत होते. ऐकणाऱ्यानं नक्की काय समजायचं, हा प्रश्नच होता.

बुधवारी लेक त्यांना मोडीत निघालेल्या गाड्यांच्या यार्डात घेऊन गेली. यार्डाचा कारभार एका धिप्पाड बाईकडे होता. तिला सगळे कॅप्टन म्हणत. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टी नुसती शोभेची. गाडी चेपायच्या यंत्रात घालण्याआधी तिच्यातल्या सगळ्या एअरबॅग लांबून वायर जोडून फोडून टाकायच्या, असा तिथला नियम होता. न फुटलेली पिशवी म्हणजे भरलेली बंदूक, असं कॅप्टन म्हणायच्या. लेकीची त्यांच्याशी वर्कशॉपच्या कामामुळे ओळख होती. त्यामुळे आज फोडायच्या गाडीत एक सीट उघडी ठेवायची आणि दुसरीला मास्तरांचं कव्हर घालायचं, एवढी मुभा मिळाली.

कव्हर मास्तरांनी घरून नवं शिवून आणलं होतं. नेहमीसारखं. नेहमीपेक्षा थोडं जास्तच.

आधी उघडी सीट. लेकीनं लांबलचक वायर सोडली, सगळे तीस-चाळीस पावलं मागे लोखंडी पत्र्याआड गेले, कानांत बोळे घातले. कॅप्टननी बॅटरीला टोक टेकवलं.

फाट!

मास्तरांना पिशवी येताना दिसलीच नाही. आधी नव्हती, मग होती. मधला भाग कुणीतरी कापून टाकल्यासारखा. सीट आणि दार यांच्यामधल्या फटीत एक पांढरी गुबगुबीत उशी उभी होती आणि गाडीच्या फुटक्या काचेतून पांढरी भुकटी हळूहळू बाहेर येत होती. मास्तर पाहत असतानाच उशी मलूल पडत गेली.

“पंक्चर?” मास्तरांनी विचारलं.

“पंक्चर कसलं? काम संपलं तिचं,” कॅप्टन म्हणाल्या. बाजूच्या गाडीतली स्टिअरिंगची एक फुटलेली पिशवी त्यांनी उचलून आणली आणि मागच्या बाजूची दोन गोल भोकं दाखवली. “फुगलेलीच राहिली तर ती भिंत झाली. माणूस आपटला की यातून हवा निघून जाते. आणि पट्टा मात्र लावलेला पाहिजे. पट्टा धरतो, पिशवी झेलते. नुसत्या पिशवीच्या भरवशावर बसणाऱ्यांच्या गाड्याही येतात माझ्याकडे.”

“भोकं मुद्दाम ठेवतात?”

“मग काय उंदरांनी पाडली?”

मास्तरांनी भोकात बोट घालून पाहिलं. कच्ची शिवण मुद्दाम, भोकं मुद्दाम. हे लोक धंदा करतात कसा?

मग दुसरी सीट. वायर, पत्रा, बोळे. कॅप्टननी टोक टेकवलं.

या वेळी ‘फाट’ झालं नाही. ‘धप्प’ झालं. सीट जागच्या जागी उडी मारल्यासारखी हलली, कव्हर पुढच्या बाजूनं टरारून फुगलं, आणि पाठीमागून, खालच्या इलॅस्टिकच्या कडेतून, पिशवीचं एक टोक जिभेसारखं बाहेर लोंबकळलं. कुशीतली दुहेरी शिवण जशीच्या तशी. एक टाका हलला नव्हता.

“नाही सुटली!” मास्तर ओरडले. दोन्ही हात वर. “बघितलंस? नाही सुटली!”

कॅप्टननी हेल्मेट काढून डोकं खाजवलं. मास्तरांचे हात हवेतच राहिले. मग त्यांची नजर सीट आणि दार यांच्यामधल्या फटीकडे गेली. ती वीतभर जागा रिकामी होती. तिथे काहीच नव्हतं. तिथे लेकीचा खांदा बसतो.

हात खाली आणायला त्यांना बराच वेळ लागला.

परतताना गाडीत ते एकच वाक्य बोलले. “सदतीस आहेत.”

“काय सदतीस?”

“पट्टी उसवून बाहेर लावलेल्या गाड्या, तुझी सोडून. मापाच्या वहीत मी खूण करून ठेवतो. हौसेनं.”

त्या दिवसापासून मास्तरांनी नवीन काम घेणं बंद केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाईट शिवायला बसले. हे काम त्यांना वाटलं होतं त्याच्या दसपट अवघड निघालं. तिपेडी दोरा काढून त्यांनी एकेरी सुती दोरा ओवला. टाका लांब केला. एका वीतभर जागेत तेवढीच कच्ची शिवण ठेवायची, बाकी सगळी नेहमीची, असा बेत. पण हाताला कोण सांगणार? डोकं ‘सैल, सैल’ म्हणत होतं आणि हात शिवणीच्या टोकाला आला की सवयीनं टाका मागेपुढे करून पक्का करून टाकत होता. मास्तर उसवत, पुन्हा शिवत, पुन्हा पक्का. बायको दारातून बघायची आणि पदर तोंडाला लावून आत जायची.

पुढच्या बुधवारी ती शिवण घेऊन ते यार्डात गेले. शिवण मधोमध उघडली आणि टोकाशी, जिथे हातानं गुपचूप आपलं म्हणणं खरं केलं होतं, तिथे अडकली. पिशवी अर्धी आत, अर्धी बाहेर. दार लावताना बोट सापडलेल्या माणसासारखी.

“आणखी एकदा करून बघतो,” मास्तर म्हणाले.

“बाबा, आज उघडली असती तरी मी नको म्हटलं असतं,” लेक म्हणाली. “कंपनी हजार वेळा तपासून दोरा ठरवते. आपण दोन बुधवारांत काय ठरवणार? उन्हानं तुमचा दोरा दोन वर्षांत कडक होतो का मऊ पडतो, सांगता येईल?”

मास्तरांना ते सांगता येत होतं, पण एका ठरलेल्या क्षणी तो तुटेलच, हे सांगता येत नव्हतं. त्यांच्या दोऱ्याला कधी तुटायला सांगितलंच नव्हतं.

“मग करायचं काय?”

“त्या जागेवर काही घालायचंच नाही. उघडी ठेवायची.”

“म्हणजे भोक?” मास्तर घरी येईपर्यंत धुमसत होते. जिना चढतानाही, चपला काढतानाही. “एकवीस वर्षं मी लोकांची भोकं झाकली आणि आता स्वतः कात्री घेऊन भोक पाडू? गिऱ्हाईक म्हणेल, म्हाताऱ्याला कापड पुरलं नाही!”

बायको शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही शर्ट शिवायचात. एका शर्टाला किती भोकं पाडायचात?”

“भोकं? ती काजं होती!”

“बरं, काजं. किती?”

“सात. कफाची धरून नऊ. आणि काज म्हणजे भोक नव्हे. काज बांधलेलं असतं, त्याला कड असते, त्यातून काय जाणार याचं माप...”

मास्तर बोलता बोलता थांबले. बायकोनं एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

“अगं, तू हे मला रविवारीच का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलू नकोस.”

तिसऱ्या कव्हरला मास्तरांनी दाराच्या बाजूनं, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक मोठं लांबट काज ठेवलं. कडेनं निळा गोट दुमडून असा बसवला की एक धागा वर दिसू नये. त्यातून कारखान्याची मूळ शिवण आणि ती नखाएवढी पट्टी पूर्ण उघडी राहत होती. पट्टीच्या आजूबाजूला चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडली होती; लेकीनं सीटच्या माहितीपुस्तकातल्या चित्रावरून स्वतः मापून दिलेली. आणि कापड सीटला आवळून बसावं म्हणून कड मागून पट्ट्यांनी ओढून बांधली होती, म्हणजे ती सरकून पुन्हा त्या जागेवर यायला नको. तिथे मास्तरांना तिपेडी दोरा वापरायची मोकळीक होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी वापरली.

यार्डात या वेळी ‘फाट’ झालं. पिशवी काजातून अशी आली, जशी ती त्याच कामासाठी शिवलेली असावी. वीतभर जागा भरली. मग पिशवी शहाण्यासारखी मलूल झाली. मास्तरांनी हात वर केले नाहीत. ते सरळ सीटजवळ निघाले, तेव्हा कॅप्टन ओरडल्या, “गरम असतं ते, थांबा!” म्हणून थांबले, आणि वेळ झाल्यावर चष्मा लावून काजाची कड तपासली.

“काही तुटलं?” कॅप्टननी विचारलं.

“काही नाही.”

“मग तोंड का एवढंसं?”

“सदतीस,” मास्तर म्हणाले.

दुकानावरची पाटी त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवून ठेवली. नवी काय लिहायची ते सुचलं नव्हतं. आणि वही उघडून पहिल्या खुणेला फोन केला. पहिली खूण होती निवृत्त मुख्याध्यापिकेची.

रविवारी लेकीनं त्यांना तिथे नेलं. मुख्याध्यापिका बाई फाटकात उभ्या होत्या, हात मागे बांधून. गाडी बाहेर काढलेली, धुतलेली, चारही दारं उघडी. एखाद्या तपासणीला वर्ग सज्ज असावा तशी.

“या. पाच वर्षं झाली या कव्हरांना,” बाई म्हणाल्या. “एक टाका ढिला नाही. येईल त्याला मी दाखवते. बघा, म्हणते, काम याला म्हणतात.”

मास्तरांनी आयुष्यभर याच वाक्यावर पोट भरलं होतं. आज ते घशाखाली उतरेना. “बाई, ते उसवायला आलोय मी.”

“काय म्हणालात?”

“दाराच्या बाजूनं. कापून काढायचंय.”

“मुळीच नाही.” बाईंनी गाडीचं दार लावून टाकलं. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का? चांगलं धडधाकट कव्हर कापून काढायचं? कारण?”

लेक पुढे झाली. “बाई, मी सांगते...”

“तू थांब,” मास्तर म्हणाले. “हे मी शिवलंय.”

आणि त्यांनी सांगितलं. सेन्सर सांगितला, नळकांडी सांगितली, ठिणगी सांगितली, पापणीचा दहावा हिस्सा सांगितला. मध्ये बाई दोनदा म्हणाल्या, “नीट सांगा, पुन्हा सांगा,” आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. दार आणि खांदा यांच्यामध्ये वीत घालून दाखवली. शेवटी म्हणाले, “मी चुकलो. पट्टीवर लिहिलेलं मी वाचलं नाही. शिवण माझी चांगली आहे, पण जागा चुकीची आहे.”

हे वाक्य त्यांनी बायकोसमोरही उच्चारलं नव्हतं. लेकीनं तोंड फिरवून बाजूच्या झाडाकडे पाहिलं; त्या झाडात पाहण्यासारखं काही नव्हतं.

मुख्याध्यापिका बाईंनी दार उघडलं, वाकून ती पट्टी बघितली, चष्मा नाकावर सरकवून वाचली, आणि मास्तरांकडे पाहिलं.

“पाच वर्षं मी हे मिरवतेय,” त्या म्हणाल्या. “आणि मीही वाचलं नाही. मी! बावीस वर्षं मुलांना सांगत होते, आधी प्रश्न नीट वाचा. चला, उसवा.”

मास्तर सीटशेजारी गुडघ्यावर बसले आणि उसवायला लागले. पाच मिनिटांत होईल असं त्यांना वाटलं होतं. पंधरा मिनिटांत चार बोटंसुद्धा सुटली नाहीत. दोरा आत रुतून बसला होता, टाक्यावर टाका, गाठीवर गाठ. मास्तरांच्या कपाळावरून घाम गळू लागला. त्यांनी हत्यार बदललं. पुन्हा बदललं.

“कुठल्या गाढवानं शिवलंय हे!” ते करवादले.

“मोठ्यानं बोलू नका,” लेक म्हणाली. “फार तापट आहे तो माणूस.”

बाईंनी चहा आणला. अर्ध्या तासानं दुसऱ्यांदा आणला. शेवटी शिवण सुटली, मास्तरांनी मापून कापड कापलं, पट्टी बाहेरून सोडवून, कारखान्याच्या शिवणीला सुई न लावता, आपल्या मूळ जागी चिकटवली, घरून बांधून आणलेली काजाची कड तिथे बसवली आणि पट्ट्या मागून ओढून घट्ट केल्या. मग लेकीनं वाकून सगळीकडून बोटं फिरवून बघितली. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती बोटानं गोटाच्या कडेवरून एकदा परत गेली, हळू, जसे ते स्वतः काचेबाहेरून नजर फिरवायचे तसं.

“कड छान बसलीय, बाबा.”

“छत्तीस राहिल्या,” मास्तर म्हणाले. पण आवाजात हलकेपणा आला होता, आणि तो त्यांना लपवता आला नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. तिथे त्यांना काहीतरी आठवलं.

“अहो मास्तर, माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीलाही अशीच कव्हरं आहेत. पण ती तुमची नाहीत हां. तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी शिवून घेतलीत.”

“दुसऱ्याकडून?” मास्तर गाडीत बसता बसता थांबले. सकाळपासून वाकलेली त्यांची पाठ जराशी सरळ झाली. “मग काळजी नको. त्यांच्या शिवणीतून पिशवी येईल बाहेर आरामात. रुमाल काढावा तशी.”

लेकीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मास्तरांनी पट्टा ओढून लावला आणि काच खाली केली.

“तरीपण पाठवून द्या त्यांना,” ते म्हणाले. “मी बघून घेतो.”